निखाऱ्यांवरचं बीड

उघड्यावर चूल मांडली की आच आपल्या हातात राहत नाही. वाऱ्याची झुळूक आली की ज्वाळा एका अंगाला कलतात, ओलसर लाकूड मध्येच धुमसतं, नवी ढलपी सारली की एकदम भडका उडतो. अशा आचेवर घरचं पातळ स्टीलचं पातेलं ठेवलं तर भात तळाशी करपतो आणि वर कच्चा राहतो, कारण पातळ भांडं आचेचा प्रत्येक चढउतार जसाच्या तसा अन्नापर्यंत पोचवतं. म्हणूनच मोकळ्या रानात मुक्काम ठोकून रांधणारे लोक, मग ते अमेरिकेतले गुराखी असोत की दक्षिण आफ्रिकेतले बैलगाड्यांचे काफिले, एकाच तऱ्हेच्या भांड्याकडे वळले. जाड, काळं, जड, बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. पवनेच्या काठावर किंवा भंडारदऱ्याला तंबू ठोकायला जाणाऱ्यांच्या गाडीतही आता अशी भांडी दिसू लागली आहेत. त्यांचं कौतुक पुष्कळ होतं. पण बीड उघड्यावर नेमकं काय करतं आणि काय करत नाही, हे समजल्याशिवाय त्या वजनाचं चीज होत नाही.

बिडाचं भांडं उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं, असं सर्रास सांगितलं जातं. वस्तुस्थिती उलट आहे. उष्णता वाहून नेण्यात बीड मंदच. ॲल्युमिनियमच्या तुलनेत त्याची ही क्षमता जेमतेम पाव भरते, तांब्याच्या तुलनेत सातवा-आठवा हिस्सा. घरीच खात्री करून घेता येईल. बिडाच्या मोठ्या तव्यावर सगळीकडे थोडी थोडी कणीक भुरभुरा आणि तवा गॅसच्या लहान बर्नरवर ठेवा. ज्योतीच्या वर्तुळावरची कणीक तपकिरी होऊन जळायला लागते, तेव्हाही कडेची पांढरीच असते. कोकणात घावन घालणाऱ्या बायका बिडाचा तवा आधी बराच वेळ मंद आचेवर नुसता तापू देतात, त्याचं कारण हेच. या धातूला घाई चालत नाही.

मग त्याचा गुण कोणता? उष्णता साठवून ठेवणं. किलोला किलो पाहिलं तर ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट उष्णता धरतं, हे खरं. पण बिडाची भांडी जाड आणि वजनदार असतात, आणि साठा ठरतो तो एकूण वजनावर. ९ किलोच्या भांड्याचं तापमान एका अंशानं उतरायला जेवढी उष्णता बाहेर जावी लागते, ती पाऊण किलोच्या स्टीलच्या पातेल्याच्या दहापटीहून जास्त असते. म्हणजे वाऱ्यानं आच मिनिटभर पडली तरी आतल्या रश्श्याला त्याची दाद नसते. किलोभर थंड मटण एकदम टाकलं तरी तळ निवत नाही, मांसाला पाणी सुटायच्या आधी रंग चढतो. शिवाय काळ्या, खडबडीत पृष्ठभागातून उष्णता किरणांच्या रूपानं भरपूर बाहेर पडते. चकचकीत स्टील या बाबतीत फार कंजूष. झाकणबंद बिडाच्या भांड्यात पावाला वरून खमंग रंग येतो तो तापलेल्या झाकणातून उतरणाऱ्या या उष्णतेमुळे. न टेकताही भाजतं ते.

हे दोन स्वभाव, पसरवण्यात मंद आणि साठवण्यात दांडगं, एकत्र ठेवले की उघड्यावरच्या बिडाचा सगळा मंत्र हाती येतो. त्याला आच अशी द्यायची की ती मुळातच पसरलेली, संथ आणि चहूबाजूंनी असेल. ती ज्वाळांतून मिळत नाही, निखाऱ्यांतून मिळते. लाकूड तापलं की त्यातून ज्वालाग्राही वायू सुटतात आणि ज्वाळा म्हणजे त्या वायूंचं जळणं. ते संपले की उरतो जवळजवळ शुद्ध कार्बन, आणि तो आपल्या पृष्ठभागावर शांतपणे, धूर न करता जळत राहतो. ज्वाळा वारा नेईल तिकडे जाते. निखारा ठेवला तिथे राहतो, मोजून ठेवता येतो, चिमट्यानं हलवता येतो. शेकोटी पेटवल्या पेटवल्या तिच्यावर भांडं चढवणाऱ्यांचं जेवण काळंच होणार. अर्धा-पाऊण तास लाकूड जळू द्यायचं, त्या वेळात कांदा चिरायचा, आणि निखारे पडले की ते एका बाजूला ओढून त्यांच्यावर रांधायचं. शेकोटी गप्पांसाठी तिकडे जळत राहू द्यावी.

निखाऱ्यांसाठीच घडवलेलं भांडं म्हणजे डच ओव्हन. ऑस्ट्रेलियात त्याला कॅम्प ओव्हन म्हणतात. मुक्कामाला नेण्याचा खरा डच ओव्हन ओळखायच्या खुणा तीन. तळाला तीन आखूड पाय, म्हणजे खाली निखारे सारायला जागा राहते आणि उंचसखल जमिनीवरही भांडं डगमगत नाही. झाकण सपाट आणि त्याला उभी कड, म्हणजे वर ठेवलेले निखारे घरंगळत नाहीत. आणि बादलीसारखी तारेची कडी, म्हणजे आकड्यानं भांडं उचलता येतं. दुकानात रंगीत मुलामा दिलेली, बिनपायांची, घुमटाकार झाकणाची जी भांडी त्याच नावानं मिळतात, ती गॅससाठी आणि ओव्हनसाठी. निखाऱ्यांत त्यांचा मुलामा खराब होतो.

अशी भांडी स्वस्त झाली ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. ब्रिस्टलचा अब्राहम डार्बी पितळेच्या भांड्यांच्या धंद्यात होता. हॉलंडमध्ये वाळूच्या साच्यात पितळ ओतत. तीच रीत लोखंडाला लावून पोटफुगी भांडी ओतण्याचं पेटंट त्यानं १७०७ साली घेतलं. पितळेपेक्षा लोखंड कितीतरी स्वस्त, म्हणजे सामान्य घरात भांडं परवडणार. पुढे तो श्रॉपशरमधल्या कोलब्रुकडेल इथे गेला आणि १७०९ मध्ये लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड वितळवू लागला. औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात हे वर्ष ठळकपणे लिहिलं जातं. त्याच गावाजवळ सेव्हर्न नदीवर जगातला पहिला मोठा ओतीव लोखंडाचा पूल १७७९ मध्ये उभा राहिला, तो डार्बीच्या नातवानं ओतलेला. ज्या घराण्यानं तो पूल उभारला त्याची सुरुवात स्वयंपाकाच्या भांड्यांपासून झाली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

वाळूची रीत आजही तीच आहे. कोल्हापूरच्या ओतकामाच्या कारखान्यांत इंजिनांचे आणि पंपांचे भाग ओतले जातात तेव्हा वाळूत चिकणमाती आणि पाणी मिसळून साचा दाबतात, आत द्रव लोखंड सोडतात आणि निवल्यावर साचा फोडतात. नव्या बिडाच्या तव्याला हाताला लागणारा बारीक खरखरीतपणा हा त्या वाळूच्या कणांचा ठसा. कार्बन २ टक्क्यांहून जास्त, साधारण ४ टक्क्यांपर्यंत, आणि जोडीला थोडं सिलिकॉन असल्यामुळे हे लोखंड बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतं; शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागतात. त्यामुळे ते पाण्यासारखं साच्यात भरता येतं. याच कार्बनमुळे ते ठिसूळही होतं, पण त्याकडे नंतर येऊ.

अमेरिकेत हे भांडं घराघरात पोचलं आणि तिथे त्याची किंमत किती होती ते मृत्युपत्रांत दिसतं. जॉर्ज वॉशिंग्टनच्या आईनं १७८८ साली केलेल्या मृत्युपत्रात स्वयंपाकघरातल्या लोखंडी सामानाची वाटणी नातू आणि नात यांच्यात निम्मी-निम्मी करून दिली आहे. जमीनजुमल्याच्या बरोबरीनं भांड्यांचा उल्लेख! पुढे एकोणिसाव्या शतकात टेक्सासहून हजारो गुरं हाकत उत्तरेकडे न्यायचे दिवस आले. चार्ल्स गुडनाइट या गुरांच्या व्यापाऱ्यानं १८६६ मध्ये लष्करी गाडीच्या मागच्या बाजूला फळीदार कपाट बसवून फिरतं स्वयंपाकघर तयार केलं, तेच ‘चक वॅगन’. कपाटाची फळी खाली पाडली की ओटा तयार. त्या गाडीच्या आचाऱ्याकडे आंबवलेल्या पिठाची बरणी असे आणि डच ओव्हन असत. दिवसभराच्या मजलीनंतर जमिनीत उथळ चर खणून त्यात निखारे पसरायचे, भांडी ओळीनं मांडायची, झाकणांवर निखारे लोटायचे. एकात घेवड्याची उसळ, दुसऱ्यात मांस, तिसऱ्यात बिस्किट नावाचे छोटे पाव. या वारशाचा तिथे अभिमान एवढा की युटा राज्यानं १९९७ मध्ये आणि टेक्सासनं २००५ मध्ये डच ओव्हनला राज्याच्या अधिकृत भांड्याचा दर्जा दिला.

दक्षिण आफ्रिकेतल्या पोइकीला, म्हणजे तीन पायांच्या गोल पोटाच्या हंडीला, वरून निखारे लागत नाहीत. तिच्यात मांस आणि भाज्या थरांनी रचतात आणि तासन् तास ढवळत नाहीत. आपल्या मटणाच्या रश्श्याला मला ती अमेरिकन भांड्याहून जवळची वाटते.

आता मोजमाप. अमेरिकेतले लोक कोळशाच्या दाबून केलेल्या एकसारख्या वड्या वापरतात, ब्रिकेट. त्यामुळे त्यांना हिशेब बांधता आला. भांड्याचा व्यास जेवढे इंच, त्याच्या दुप्पट वड्या घेतल्या की आत साधारण १७५ अंश सेल्सिअस तापमान मिळतं. केक किंवा नानकटाई भाजायला एवढं पुरतं. १२ इंची भांड्याला २४ वड्या. भाजायचं असेल तर त्यांपैकी १५ झाकणावर आणि ९ खाली. हे वाटप आधी उलटं वाटतं. पण खालची उष्णता तळातून थेट अन्नाला भिडते, शिवाय ती वरच चढते. झाकणावरच्या निखाऱ्यांची बरीच उष्णता मात्र आकाशात जाते. म्हणून वर जास्त लागतात. रस्सा शिजवायचा तर प्रमाण उलटं करायचं, आणि नुसतं उकळायचं असेल तर सगळे खालीच. खालचे निखारे मधोमध ढीग करून ठेवायचे नाहीत. तळाच्या कडेनं वर्तुळात ठेवायचे. बीड उष्णता पसरवत नाही हे लक्षात असेल तर याचं कारण सांगावं लागणार नाही. त्याच कारणानं दर दहा-पंधरा मिनिटांनी भांडं पाव फेरा एका दिशेला आणि झाकण पाव फेरा उलट दिशेला फिरवायचं.

आपल्या बाजारात मिळणारा बाभळीचा कोळसा या हिशेबात बसत नाही. त्याचे तुकडे लहानमोठे, जास्त कडक जळणारे आणि लवकर सरणारे. तिथे मोजणी हाताच्या तळव्यानं करावी. निखाऱ्यांवर वीतभर उंचीवर तळहात धरायचा. पाच ते सात सेकंद धरवला तर आच मध्यम, भाजण्याजोगी. दोन-तीन सेकंदांतच हात मागे घ्यावा लागला तर ती फक्त मांस परतायला ठीक. करवंटीचा कोळसा दाबून केलेल्या वड्याही आता मिळतात. त्या एकसारख्या असतात आणि बराच वेळ टिकतात. उघड्यावर भाजायला शिकणाऱ्यानं त्यांच्यापासून सुरुवात केली तर साहित्य वाया जाणार नाही.

वरखाली निखारे ठेवून भाजणं आपल्याला परकं नाही. कोकणात तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, धोंडस जाड बुडाच्या पातेल्यात घालून झाकणावर निखारे ठेवून होत आलं आहे. गोव्याचं बेबिंक तर जवळजवळ पूर्णपणे वरच्या आचेवर होतं. एक थर ओतायचा, वर नारळाच्या सोडणांची किंवा करवंट्यांची धग द्यायची, रंग आला की तूप लावून पुढचा थर. बिनपायांची साधी बिडाची कढई आणि तिच्यावर बसणारं सपाट लोखंडी झाकण असेल तर तीन दगडांवर किंवा तिवईवर ठेवून हेच काम होतं. झाकणाला कड नसेल तर त्यावर जुनी लोखंडी परात ठेवून तिच्यात निखारे घ्यावेत. महागड्या परदेशी भांड्यावाचून अडत नाही.

झाकण उचलणं हे मात्र शिकून घ्यायला हवं, कारण पहिल्या दिवसाचं जेवण बहुधा तिथेच बिघडतं. झाकणावर निखाऱ्यांच्या खाली बारीक राख साठलेली असते. घाईनं झाकण एका बाजूनं उचकटलं की ती सगळी रश्श्यात. म्हणून आधी कडेवरची सुटी राख झाडून टाकायची, झाकणाच्या मधल्या कडीत आकडा अडकवायचा, दुसऱ्या हातातल्या काठीनं झाकणाचा तोल धरायचा, आणि ते अगदी सपाट, सरळ वर उचलून भांड्यापासून हातभर बाजूला न्यायचं. जमिनीवर टेकवायचं नाही. दोन दगडांवर ठेवायचं, नाहीतर खालची माती आणि काड्या चिकटून परत आत येतात.

उघड्यावर बिडात काय करावं, असं मला कोणी विचारलं तर मी खानदेशाकडे बोट दाखवीन. वरण-बट्टी. गव्हाचं जाडसर पीठ, जमलं तर त्यात थोडं मक्याचं, ओवा, जिरं, मीठ, चिमूटभर हळद आणि तेलाचं कडकडीत मोहन. पीठ घट्ट मळायचं, लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे करून त्यांना हलकं चपटं करायचं. भांडं झाकणासकट रिकामंच दहा मिनिटं तापवायचं, तळाला तूप फिरवायचं आणि गोळे एकमेकांना न टेकता मांडायचे. खाली ८, वर १६ निखारे. वीस मिनिटांनी उघडून प्रत्येक गोळा उलटायचा. खालची बाजू बदामी झालेली दिसते आणि ओव्याचा वास तंबूपर्यंत जातो. आणखी पंधरा-वीस मिनिटांनी वरचं कवच तडकतं. बोटाच्या पेरानं टकटक केलं की पोकळ आवाज येतो. तो आला नाही तर आत पीठ कच्चं आहे, झाकण परत ठेवायचं. विदर्भातले रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत थेट भाजतात आणि त्यांची चव वेगळीच. पण राख झटकायची सवय नसलेल्यांना ही झाकणबंद रीत सोयीची. गरम बट्टी फोडायची, तूप ओतायचं, वर तुरीचं वरण.

बट्टीबरोबर वांग्याची भाजी हवी. ती बिडाच्या कढईत केली तर काळपट होते. वांग्यातल्या काही द्रव्यांशी लोहाचा संयोग होऊन तो रंग येतो. कच्च्या केळ्याचंही तेच. खायला अपाय नाही, दिसायला तेवढी उणी. चिंच, आमसूल, टोमॅटो यांची गोष्ट जरा वेगळी. आंबटात लोखंड विरघळतं, पदार्थाला धातूची चव येते आणि भांड्याचा काळा थरही झिजतो. म्हणून माशाच्या कालवणात आमसुलं अगदी शेवटी टाकावीत, किंवा कालवण दुसऱ्या भांड्यात काढून त्यात टाकावीत. तासभर उकळायचं आंबट सार बिडात नकोच.

अन्नात उतरणाऱ्या या लोहाचा फायदा किती? अमेरिकेत १९८६ साली वीस पदार्थ लोखंडी आणि बिनलोखंडी भांड्यांत करून तपासले गेले, तेव्हा बहुतेकांत लोह वाढलेलं आढळलं. सर्वांत जास्त वाढ आंबट, ओलसर आणि बराच वेळ शिजलेल्या पदार्थांत. सफरचंदाच्या सॉसमध्ये १०० ग्रॅममागे अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी असलेलं लोह सात मिलिग्रॅमच्या वर गेलं. मात्र मुरलेल्या, वापरातल्या भांड्यातून ते कमी उतरतं आणि कोरड्या भाजणीत जवळजवळ नाहीच. रक्तक्षयावर औषध म्हणून या भांड्यांवर विसंबणं बरोबर नाही; थॅलेसेमियासारख्या आजारात ज्यांच्या शरीरात लोह आधीच साठतं, त्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच ती वापरावीत.

आता तो काळा थर. तव्याला तेल मुरतं असं आपण म्हणतो, पण ते लोखंडाच्या छिद्रांत जाऊन बसत नाही. तापलेल्या लोखंडावर तेलाचा पातळ लेप हवेतल्या ऑक्सिजनच्या सहवासात रासायनिकरीत्या बदलतो. त्याचे रेणू एकमेकांना जखडले जाऊन कडक, कोरडं, न धुतलं जाणारं कवच तयार होतं. यासाठी तेल कोणतं हे महत्त्वाचं. ज्या तेलात असंतृप्त मेदाम्लं जास्त ते चांगलं जखडतं. करडई, सूर्यफूल आणि सोयाबीन त्यात येतात. जवसाचं तेल सर्वांत कडक थर देतं, पण तो कधीकधी पापुद्र्यासारखा सुटतो. खोबरेल आणि तूप मुख्यतः संतृप्त असल्यामुळे या कामाला निरुपयोगी; रोजच्या स्वयंपाकात ती खुशाल वापरावीत, नवं भांडं तयार करायला नाही.

रीत साधी आहे, चूक एकच होते, ती म्हणजे तेल जास्त लावणं. नवं भांडं साबणाच्या गरम पाण्यानं धुऊन आचेवर पूर्ण कोरडं करायचं. कोमट असताना आतबाहेर, पायांना, झाकणाला तेलाचं बोट फिरवायचं आणि मग कोरड्या सुती फडक्यानं ते सगळं पुसून काढायचं, आपण चुकून तेल लावलं होतं अशा बेतानं. डोळ्याला दिसणार नाही एवढंच उरायला हवं. मग ओव्हनमध्ये २०० ते २३० अंशांवर उपडं ठेवून तासभर तापवायचं आणि तिथेच निवू द्यायचं. तीन-चार वेळा हे केलं की चकाकी येते. जाड लेप राहिला तर तो जखडला जाण्याआधीच गोळा होतो आणि भांडं कायम चिकट लागतं. पुढचं काम वापरच करतो. घावन-आंबोळ्यांच्या तव्यावर तेलात बुडवलेली नारळाची शेंडी किंवा अर्धा कांदा फिरवतात, तेव्हा दर घावनामागे असाच एक अदृश्य लेप चढत असतो. मुक्कामी डच ओव्हनचं झाकण उलटं करून तीन दगडांवर ठेवलं की सकाळच्या घावनांना तवाही मिळाला.

साबण लावू नये हा नियम जुना आणि आता कालबाह्य आहे. पूर्वीच्या साबणात तीव्र अल्कली उरलेली असे आणि ती हा थर खाई. आजचा भांड्यांचा सौम्य साबण फक्त सुटं तेल नेतो. राखेनं घासण्याबाबत मात्र सावध राहावं. लाकडाची राख पाण्यात कालवली की अल्कलीच होते, त्यामुळे रोज राखेनं घासलेलं बीड उघडं पडतं. मुक्कामाच्या जागी भांडं कोमट असतानाच गरम पाणी घालून लाकडी उलथन्यानं खरवडावं, चिकटलेलं असेल तर खडेमीठ आणि काथ्यानं घासावं, विसळून निखाऱ्यांवर पूर्ण सुकवावं आणि तेलाचा पुसट हात फिरवावा. धुतलेलं पाणी ओढ्यात सोडू नये, काठापासून पन्नास-साठ पावलं दूर नेऊन ओतावं. उरलेला रस्सा रात्रभर त्यातच ठेवला तर सकाळी थर खराब झालेला दिसेल. कोकणातल्या पावसाळ्यात तर भांडं आणि झाकण यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवून ते किंचित उघडं ठेवावं, नाहीतर आठवड्यात गंज धरतो. गंज आलाच तर भांडं फेकू नये. तारेच्या काथ्यानं घासून पुन्हा मुरवलं की ते पहिल्यासारखं होतं.

तडकलेलं बीड मात्र परत येत नाही. या लोखंडात जास्तीचा कार्बन ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पातळ पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. धक्का बसला किंवा एकदम थंड केलं की तडा या पापुद्र्यांच्या वाटेनं धावतो. पत्र्याची लोखंडी कढई वाकते, बिडाची फुटते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या पश्चिमेला बेडूरी नावाच्या गुरांच्या वाड्यावर लोक या दुखण्याला कंटाळले होते. घोड्यांच्या पाठीवरून पडून कॅम्प ओव्हन फुटत, म्हणून त्यांनी पोलादी पत्र्याचं तसंच भांडं केलं आणि ते आजही बेडूरी ओव्हन म्हणून विकलं जातं. आपल्या गाडीत भांडं गोणपाटात गुंडाळून, इतर सामानाखाली, डिकीच्या तळाशी ठेवावं. तापलेल्या भांड्यात थंड पाणी कधीही ओतू नये.

आणि ते गाडीतच राहू द्यावं. १२ इंची डच ओव्हन सुमारे ९ किलोचा भरतो, १० इंची साधा तवाही दोन-सव्वादोन किलोंचा. राजगडाच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या चढाला हे ओझं घेऊन जाण्यात शहाणपण नाही. तिथे हलकं ॲल्युमिनियमचं पातेलं बरं. शिवाय संरक्षित स्मारक असलेल्या किल्ल्यांवर स्वयंपाकाला मनाई असते, आणि राखीव वनात विस्तव पेटवणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा ठरतो. बीड हे गाडी पोचते तिथल्या मुक्कामाचं भांडं आहे. शेतात, ओळखीच्या माळावर, परवानगी असलेल्या तंबूच्या जागी.

तिथेही चूल जमिनीवर मांडू नये. दिवाळीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळायला लागतं आणि फेब्रुवारीपासून एका ठिणगीनं डोंगर पेटतो. त्या वणव्यात गवतातली घरटी, सरडे, रोपं, सगळं जातं. बांधकामावरचं मोठं लोखंडी घमेलं बरोबर घ्यावं, तीन दगडांवर ठेवून त्यात बोटभर मातीचा थर द्यावा आणि निखारे त्याच्यावर घ्यावेत. डच ओव्हन नीट मावेल एवढं घमेलं कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ओढ्यातले ओले गोटे चुलीला लावू नयेत, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात. आणि थंडी कितीही वाजो, उरलेले निखारे ऊब म्हणून तंबूत नेऊ नयेत. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागा होऊ देत नाही.

निघताना राखेखालचा कोळसा सकाळपर्यंत जिवंत असू शकतो, वरून ती थंड दिसली तरी. घमेल्यात पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा पाणी ओता, आणि राखेत उघडा हात घालता येईपर्यंत गाडी सुरू करू नका.